ट्रॉम्बोनचा माउथपीस (सोयीचा पर्याय)

ट्रॉम्बोन या पितळी फुंकवाद्याच्या तोंडाशी बसणारा, काढता-घालता येणारा वाटीच्या आकाराचा भाग. वादकाचे ओठ त्याच्या कडेवर टेकतात, वाटीच्या आत कंप पावतात आणि ते कंपन टेनर ट्रॉम्बोनच्या सुमारे २.७ मी. लांबीच्या नळीत घुमून स्वर उमटतो. ओठांना टेकणारा वाद्याचा हा एवढाच भाग असल्याने ओठ दुखणे, सुजणे, लवकर थकणे या तक्रारींचा शोध येथूनच सुरू करावा लागतो. वाद्यासोबत मिळालेल्या माउथपीसऐवजी अधिक सोयीचा माउथपीस कसा निवडतात, एवढाच या नोंदीचा विषय आहे. विवेचन मुख्यतः टेनर ट्रॉम्बोनचे असून बास ट्रॉम्बोनचा उल्लेख ओघाने येतो.

रचना : बहुतेक माउथपीस पितळेच्या सळीतून लेथवर कातलेले असतात व त्यांवर चांदीचा मुलामा असतो. ओठांकडून वाद्याकडे जाताना कड, वाटी, गळा, मागची नळी आणि शँक असे भाग क्रमाने येतात. हे सारे एकाच तुकड्यात कातलेले असल्याने एक भाग बदलायचा तर सगळेच बदलतात. कड आवडली म्हणून घेतलेल्या माउथपीसची वाटी उथळ निघते, वाटी जमली तर शँक वाद्यात बसत नाही. निवडीतला निम्मा गोंधळ यातूनच होतो. कडेला आटे पाडून ती वाटीपासून वेगळी करण्याची तोड त्यावर निघाली. न्यूयॉर्कच्या जार्डिनेली यांचे असे माउथपीस विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वादकांच्या चांगल्या परिचयाचे होते.

कड : ओठांची सोय ही सर्वांत आधी कडेवर अवलंबून असते. वादक ‘हा माउथपीस टोचतो’ किंवा ‘यात ओठ मावत नाही’ असे म्हणतो तेव्हा तो बहुधा कडेविषयीच बोलत असतो, मग त्याच्या मनात वाटीची खोली असो वा कंपनीचे नाव. कडेच्या चार गोष्टी पाहाव्या लागतात : आतला व्यास, रुंदी, माथ्याचा आकार आणि आतली धार.

टेनर ट्रॉम्बोनसाठी आतला व्यास साधारणपणे २४ ते २६ मिमी.च्या दरम्यान असतो. बास ट्रॉम्बोनसाठी तो २७ मिमी.च्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. व्यास कमी पडला की ओठांचा कंप पावू पाहणारा भागच कडेखाली दाबला जातो; स्वर चिमटल्यासारखा येतो आणि खालचे स्वर मोकळे होत नाहीत. व्यास गरजेपेक्षा जास्त झाला तर ओठ ताणून धरण्याचे काम स्नायूंवर पडते व वरच्या स्वरांत दम लवकर तुटतो. जाड ओठांना मोठा माउथपीस हवा, हा समज शिकवणाऱ्यांत जुना आहे. दातांची ठेवण, जबड्याचा पुढे-मागे असण्याचा कल आणि वरच्या-खालच्या ओठांचा वाटीत येणारा वाटा यांना जास्त महत्त्व देणारा पक्षही आहे. फिलाडेल्फियाचे शिक्षक डॉनल्ड राइनहार्ट (१९०८–१९८९) हे या दुसऱ्या पक्षाचे ठळक नाव होय. ओठांकडे नुसते पाहून माप ठरवता येत नाही, एवढे तरी दोन्ही बाजूंच्या अनुभवी शिक्षकांना मान्य असते.

रुंद कड दाब मोठ्या जागेवर पसरवते, म्हणून ती तोंडाला लावताच सुखद वाटते. मात्र ती ओठाचा जास्त भाग जखडून ठेवते. खालच्या स्वरावरून वरच्या स्वरावर झेप घेताना ओठाला हलायला जागा उरत नाही. अरुंद कडेवर ओठ मोकळे फिरतात, पण दाबून वाजवण्याची सवय असेल तर ती अक्षरशः कापते. माथा सपाट असला की कड टेकायला भरपूर जागा मिळते, परंतु तिचे दोन्ही कोपरे जाणवतात. माथा गोलसर असला की कोपरे जात असले तरी सारा दाब माथ्याच्या उंच रेषेवर येतो. त्यामुळे एकाच व्यासाचे आणि एकाच रुंदीचे दोन माउथपीस ओठांना अगदी निराळे वाटू शकतात, आणि यादीतले आकडे पाहून केलेली खरेदी फसते.

आतली धार तीक्ष्ण असेल तर स्वराची सुरुवात स्वच्छ होते, पण ओठावर वण उठतो. ती बोथट केली की ओठाला आराम मिळतो, स्वरावरून स्वरावर सरकणे गुळगुळीत होते, मात्र सुरुवात थोडी ढिली पडते आणि नाद पसरतो. ही धार वाटीत वळत जात असल्याने व्यास नेमका कोठे मोजायचा याला एकच नियम नाही. कोणी काठापासून थोडे खाली मोजतो, कोणी आणखी खाली. दोन उत्पादकांच्या याद्यांतले मिलिमीटर शेजारी ठेवून केलेली तुलना म्हणूनच फक्त अंदाजासाठी वापरावी.

गादीसारख्या रुंद, मऊ कडेविषयी एक इशारा द्यायला हवा. ओठ दुखतात म्हणून अशी कड घेतली की दुखणे थांबते, आणि दुखणे थांबले म्हणून वादक नकळत आणखी दाबू लागतो. काही आठवड्यांनी सूज परत येते आणि या वेळी ओठांची चपळाईही गेलेली असते. दुखण्याचे मूळ दाबात असेल तर कड बदलण्याआधी, किमान तिच्या बरोबरीने, फुंकेच्या आधारावर काम करणे आवश्यक आहे.

वाटी व गळा : वाटीतील हवा आणि तिला जोडलेला अरुंद गळा मिळून स्वतःचा एक नाद असलेले पोकळ भांडे बनते, माउथपीसच्या तोंडावर तळहात आपटला की येणारा ‘टप्’ आवाज तोच. आर्थर बेनेड यांच्या १९७६ सालच्या संगीत-ध्वनिशास्त्रावरील ग्रंथात या वर्तनाचे सविस्तर विवेचन आहे. वाटीची एकूण जागा वाढली की नाद गडद होतो व वरचे स्वर किंचित उतरतात. उथळ वाटीत नाद उजळ होतो, वर पोचणे सोपे वाटते, पण वरचे स्वर चढे लागण्याचा धोका राहतो. सोयीच्या दृष्टीने वाटीचा एक प्रश्न थेट महत्त्वाचा आहे : फार उथळ वाटीत जाड ओठ तळाला टेकतो आणि स्वर मध्येच बंद पडतो. गळ्याचे छिद्र टेनरमध्ये सुमारे ६ ते ७ मिमी. असते. ते मोठे असले की फुंक जास्त लागते. ओठ दुखत नसतानाही तासाभरात दमछाक होत असेल तर गळा तपासावा.

मागची नळी : गळ्यापासून शँकच्या टोकापर्यंत रुंदावत जाणारी पोकळी, फुंकेला होणारा विरोध आणि स्वरांचा मेळ यांवर तिचा परिणाम होतो.

शँक : वाद्यात शिरणारा निमुळता दांडा. याची खात्री करून घेतल्याशिवाय बाकीची चर्चा व्यर्थ आहे. लहान (टेनर) आणि मोठा असे दोन शँक सर्वत्र आढळतात. काही युरोपीय वाद्यांना यांमधला तिसरा लागतो. साधारणपणे ०.५०० इंच (१२.७ मिमी.) आंतरव्यासाच्या नळीची वाद्ये लहान शँक घेतात, ०.५४७ इंचाची (१३.९ मिमी.) वाद्ये आणि ०.५६२ इंचाचे (१४.३ मिमी.) बास ट्रॉम्बोन मोठा शँक घेतात. मधल्या ०.५२५ इंचाच्या (१३.३ मिमी.) वाद्यांत दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून तेथे वाद्य हातात घेऊनच ठरवावे. शँक दोन ते अडीच सेंमी. आत जाऊन घट्ट बसला पाहिजे. लहान शँक मोठ्या नळीत घातला तर तो गरजेपेक्षा खोल आत घुसतो. मोठा शँक लहान नळीत जेमतेम टेकतो. उतार न जुळणारा शँक डुगडुगतो. काही जुन्या कॉन ट्रॉम्बोनांच्या बाबतीत हा अनुभव येतो, कारण त्यांच्या नळीच्या तोंडाचा उतार प्रचलित उतारापेक्षा वेगळा आहे.

क्रमांकांच्या पद्धती : सर्वाधिक उल्लेखली जाणारी पद्धत व्हिन्सेंट बाख (१८९०–१९७६) यांची. व्हिएन्नाजवळील बाडन येथे जन्मलेले बाख अभियंता होते आणि ट्रम्पेटवादकही. १९१४ मध्ये ते अमेरिकेत आले आणि बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रात वाजवू लागले. दुरुस्तीला दिलेला स्वतःचा माउथपीस बिघडून परत आल्याने ते या कामाकडे वळले, असे सांगितले जाते. १९१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पायाने चालवायच्या लेथवर त्यांनी माउथपीस कातायला सुरुवात केली. पुढे कारखाना ब्राँक्समध्ये आणि १९५३ मध्ये माउंट व्हर्नन येथे गेला; १९६१ मध्ये तो सेल्मर कंपनीने घेतला. माउंट व्हर्ननच्या काळातले माउथपीस आजही वादक शोधत असतात. आकड्याइतकीच काटेकोर कड पुन्हापुन्हा काढता यावी, हा बाख यांचा खरा वारसा होय. एक माउथपीस हरवला तर तसाच दुसरा मिळेल, ही खात्री त्यापूर्वीच्या वादकांना फारशी नव्हती. व्यावसायिकाने पेलवेल तितका मोठा व्यास घ्यावा, असे त्यांचे मत होते. ते सर्वांना पटलेले नाही.

बाख पद्धतीत आकडा जितका लहान तितका व्यास मोठा; अक्षरांत ‘ए’ खोल वाटीचे, ‘सी’ उथळ वाटीचे. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचे प्रमुख ट्रॉम्बोनवादक (१९५७–१९८८) डेनिस विक यांच्या मालिकेतही लहान आकडा मोठ्या व्यासाचा असतो, आणि शेवटचे अक्षर शँक सांगते : ‘एल’ मोठा, ‘एस’ लहान. शिकागोचे रेनॉल्ड शिल्के यांनी उलट क्रम धरला. तेथे आकडा वाढला की व्यास वाढतो. यामाहाची पद्धत शिल्केच्या वळणाची आहे. डग इलियट यांच्या जोडणीच्या माउथपीसमध्ये कडेचा आकडा म्हणजे इंचाचे शंभरावे भाग : १०० म्हणजे एक इंच, म्हणजेच २५.४ मिमी. नवशिक्याला ही शेवटची पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटावी, कारण आकडा सरळ मापच सांगतो.

नेहमीचे स्थलांतर : विद्यार्थ्यांच्या ट्रॉम्बोनसोबत बहुधा बाख १२सी किंवा यामाहा ४८ अशा मापाचा माउथपीस येतो. शाळकरी वयात तो ठीक असतो. काही वर्षांत ओठ त्यात कोंडल्यासारखे वाटू लागतात. तेव्हा सर्वाधिक सुचवला जाणारा पर्याय बाख ६½एएल (सुमारे २५.४ मिमी.) किंवा त्याच्या जवळपासचा शिल्के ५१ हा असतो. १२सी आणि ६½एएल यांच्या व्यासातला फरक एक मिलिमीटरच्या आसपास आहे. ओठांना तो फार मोठा वाटतो. ६½एएल दोन्ही शँकमध्ये मिळतो, त्यामुळे पुढे मोठ्या नळीचे वाद्य घेतले तरी ओळखीची कड सोबत राहते. तेथून ५जी ही ऑर्केस्ट्राकडे वळणाऱ्यांची पायरी. जॅझ आणि नाचाच्या बँडमध्ये अनेक जण जाणूनबुजून लहान मापावरच राहतात आणि तेथे ते अगदी योग्य असते. थेट १२सीवरून ४जीवर उडी मारणाऱ्यांचा पहिला आठवडा आनंदात जातो, महिनाभराने वरचे स्वर हरवतात.

धातू व मुलामा : चांदी सर्रास, सोने ओठांना जास्त निसरडे लागते आणि चांदी सोसत नसणाऱ्यांना उपयोगी पडते. मुलामा झिजून उघडे पडलेले पितळ ओठांवर ठेवू नये. कडेभोवती खाज, पुरळ किंवा सोललेली त्वचा दिसली तर माप बदलण्याआधी धातू बदलून पाहावा. स्टेनलेस स्टील, टायटॅनियम आणि पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचे माउथपीस मिळतात. स्टेनलेस स्टीलमध्येही निकेल असते, हे निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. प्लास्टिकची कड कडाक्याच्या थंडीत गोठत नाही, म्हणून उघड्यावर कवायत करणाऱ्या बँडांत ती वापरतात. धातूमुळे नाद बदलतो की नाही, याबाबत एकमत नाही.

दात, ओठ व इजा : वाजवून झाल्यावर ओठावर उठलेले गोल वळ थोड्या वेळात मावळले तर काळजीचे कारण नाही. बधिरपणा, दुसऱ्या दिवशीही न उतरलेली सूज किंवा कडेखालची जखम ही थांबण्याची खूण आहे. तोंडाभोवतीच्या वर्तुळाकार स्नायूला होणाऱ्या फाटीला शल्यचिकित्सक हाइमे प्लानास यांनी १९८२ मध्ये लुई आर्मस्ट्राँग यांच्या टोपणनावावरून ‘सॅचमो सिंड्रोम’ म्हटले. तिची नोंद ट्रम्पेटवादकांवरून झाली. ट्रॉम्बोनची मोठी कड दाब अधिक पसरवते, तरी दाबण्याची सवय तीच असते. दातांना तार लावलेल्या मुलांना गोलसर, थोडी रुंद कड आणि तारेवर लावायचे मेण यांनी बराच फरक पडतो. तार निघाल्यावर निवड पुन्हा करावी, कारण ओठांमागची जागाच बदललेली असते. कवळी बसवलेल्या वादकांबाबतही हेच.

पारखण्याची रीत : स्वतःच्या वाद्यावर, ओठ ताजे असताना एकदा आणि तासभर वाजवून थकल्यावर एकदा पारखावे. दुकानातली पाच मिनिटे फक्त पहिला स्पर्श सांगतात, आणि पहिला स्पर्श नेहमी मोठ्या व रुंद कडेच्या बाजूने कौल देतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी : जुनी कड आवडत असेल तर तीच ठेवून वाटी, किंवा वाटी ठेवून कड. अगदी हळू वाजवलेले लांब स्वर, मधूनमधून खालच्या सप्तकात उतरणे, आणि शेवटी रोजच्या वादनातला एखादा अवघड तुकडा, एवढे पुरेसे असते. दुसऱ्याने डोळ्यांआड माउथपीस बदलून दिला तर नावाचा प्रभाव गळून पडतो. निर्णयाला दोन आठवडे द्यावेत. त्या काळात जुना माउथपीस घरीच ठेवावा, दोन्ही आलटून पालटून वाजवल्यास ओठ कुठेच स्थिरावत नाहीत.

भारतात : मुंबईतील चित्रपट-ध्वनिमुद्रणांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या ट्रॉम्बोनवादकांचा मोठा वाटा होता, ब्लास्को मोन्सोराते हे त्यांतील एक नाव. लग्नाच्या वरातीतील बँड पथकांत स्लाइडऐवजी व्हॉल्व्ह असलेले ट्रॉम्बोनही दिसतात, आणि बँडची बरीच वाद्ये मेरठच्या जली कोठी भागातून येतात. नादिर अली ही तेथील १८८५ पासूनची जुनी पेढी. चालत वाजवताना प्रत्येक पावलाचा हिसका कडेवर बसतो, त्यामुळे वरातीत वाजवणाऱ्याला गोलसर, बोथट धारेची कड बसून वाजवणाऱ्यापेक्षा अधिक सोयीची पडते. परदेशी माउथपीस मागवण्याआधी वाद्यासोबत आलेल्या माउथपीसच्या शँकचा टोकाकडचा व्यास कॅलिपरने मोजून घ्यावा आणि तो विक्रेत्याला कळवावा.