दुष्काळ आणि सार्वजनिक सभा

पाऊस पडला नाहीं म्हणजे दुष्काळ येतो, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु दुष्काळांत माणसें मरतात तीं केवळ पावसावांचून नव्हे. आपली दशा कोणास कळवावी आणि आपणांस काय मागण्याचा अधिकार आहे, हें न कळल्यामुळेंहि तीं मरतात. महाराष्ट्र हें फार भोगून शिकला. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

१८७० च्या एप्रिल महिन्यांत पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी. लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणत. सभेचा एक नियम मोठा मार्मिक होता. निदान ५० माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणील, त्यासच सभासद होतां येई. अर्थात् सभासद बोले तो आपल्यापुरता बोलत नसे.

१८७६ सालीं पावसानें दगा दिला. सोलापूर, नगर, पुणें, सातारा या जिल्ह्यांत हाहाकार उडाला आणि या नियमाचें फळ दिसून आलें. सभेनें ठिकठिकाणांहून माहिती मिळविली: पिकें किती बुडालीं, धान्याचा भाव काय, लोकांची व गुरांची अवस्था काय. हे वृत्तांत एकामागून एक प्रसिद्ध होऊन सरकारपुढें गेले. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीवरून दुष्काळी कामावरील पुरुषाची रोजी एक पौंड धान्य व वर एक आणा इतकी उतरविण्यांत आली, तेव्हां हजारों मजूर काम टाकून निघून गेले. उपाशी माणसानें हातची भाकरी नाकारावी, यावरूनच ती रोजी कशी होती तें समजावें. सभेनें या मजुरांची बाजू सरकारपुढें मांडली.

त्याच वर्षीं जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजानें धनकवडी येथें बालाश्रम काढून उपाशी मुलांना जेवूं घातलें. दोन्ही संस्थांचे विचार एकमेकींपासून दूर होते. परंतु संकट ओळखण्यांत दोघींनींहि चूक केली नाहीं.

पुढें दुष्काळ कमिशन नेमलें गेलें, १८८० सालीं त्याचा अहवाल आला, आणि १८८३ सालीं दुष्काळनिवारणाचे नियम तयार झाले. पण नियम दप्तरांत राहिल्यानें कोणाचें पोट भरत नाहीं. १८९६ सालीं पुन्हां अवर्षण झालें. सभेचीं सूत्रें आतां टिळकांच्या पक्षाकडे होतीं. तिच्या प्रचारकांनीं ते नियम गांवोगांव नेले, आणि पीक बुडालें असतां साऱ्याची सूट मागतां येते, हें रयतेस समजावून सांगितलें. कांहीं प्रचारकांवर खटले झाले, आणि १८९७ सालीं सरकारनें सभेची मान्यता काढून घेतली. मान्यता गेली खरी. पण शेतकऱ्यास जें एकदां कळलें, तें त्याच्यापासून काढून घेण्याचा उपाय कोणापाशींहि नव्हता.

श्रोतेहो, १८७६ सालीं सभा नव्यानें काढावी लागली नाहीं. ती सहा वर्षें आधींच उभी होती. तहान लागल्यावर विहीर खणूं नये असें आपण म्हणतों. आपल्या पेठेंत, आपल्या गांवांत ती विहीर खणली आहे काय, एवढें प्रत्येकानें स्वतःस विचारावें.