दंतुर

‘दंतुर’ हे संस्कृतातून मराठीत आलेले विशेषण. ‘ज्याचे दात पुढे आलेले आहेत असा’ हा त्याचा मूळ अर्थ. कालांतराने उंचसखल पृष्ठभाग व दातेरी कड यांनाही ते लागू झाले. शास्त्रीय परिभाषेत या शब्दाचा उपयोग प्रामुख्याने दोन ठिकाणी होतो.

वनस्पतिशास्त्रात पानाची कड हे ओळखीचे लक्षण मानतात. वड, आंबा, फणस यांच्या पानांची कड सलग असते; जास्वंद, कडुनिंब यांची दंतुर. दात टोकाकडे झुकलेले असल्यास कडेला ‘करवती’ म्हणतात. उष्ण प्रदेशातील वृक्षांत सलग कडेची पाने अधिक, तर थंड प्रदेशात दंतुर पाने अधिक आढळतात. त्यामुळे जीवाश्मरूप पानांच्या कडांवरून प्राचीन काळच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो.

भूगोलात खाड्यांमुळे आत-बाहेर वळलेल्या किनाऱ्यास दंतुर किनारा म्हणतात. कोकणचा किनारा या प्रकारचा आहे. मुंबई उपनगरांच्या पश्चिमेस मनोरी, मालाड व माहीम या खाड्या आहेत, तर पूर्वेस मुलुंड-घाटकोपरलगत ठाण्याची खाडी. भरतीचे व पावसाचे पाणी या खाचांत सामावते; तेथील तिवरांची वने लाटांचा जोर कमी करतात. भराव घालून खाचा बुजविल्या, की किनारा नकाशावर सरळ दिसतो. मात्र पाण्याची जागा नाहीशी होते. माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी भराव व अतिक्रमणांमुळे अशीच आक्रसली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तिचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले.