धावती इंग्रजी, चालती मराठी

परवा आमच्या चिरंजिवांनी 'रन' या शब्दाचा अर्थ विचारला. मी बी.कॉम. असल्यामुळे इंग्रजी येतं, असा त्याचा समज आहे आणि तो मी अजून मोडलेला नाही. 'धावणे' असं सांगून मी वर्तमानपत्रात तोंड खुपसलं.

"मग नोज इज रनिंग म्हणजे नाक धावतं? रंगही धावतो? अन् निवडणुकीला उभे राहतात, तेही धावतात?"

"पगारही धावतो," सौभाग्यवती आतून म्हणाल्या. "पाच तारखेपर्यंत."

मग मात्र मी चौकशी केली. ऑक्सफर्डच्या थोरल्या शब्दकोशात १९८९ साली सर्वांत लांबलचक नोंद 'सेट' या शब्दाची होती. अर्थ सुमारे ४३०. पुढे नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर नावाचे संपादक 'रन'पाशी बसले आणि नऊ महिन्यांनी उठले. नऊ महिने म्हणजे काय, हे कुठलीही माउली सांगेल! या एकट्या क्रियापदाचे अर्थ निघाले ६४५. मला वाटतं, हा सगळा यंत्रांचा प्रताप. गिरणी आली, आगगाडी आली, कॉम्प्युटर आला. साहेबाने प्रत्येकाला 'रन' म्हणून पळायला लावलं.

आम्हा बँकवाल्यांना मात्र यातला एक अर्थ स्वप्नातही नको असतो. बँकेवर 'रन' म्हणजे सगळ्या ठेवीदारांनी एकदम पैसे काढायला धावणं. १९६० साली आमच्या विदर्भातली अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. नावात लक्ष्मी असून बुडाली! त्याच वर्षी केरळातल्या पलाई सेंट्रल बँकेला टाळं लागलं आणि इतर बँकांच्या दारांत लोक धावत सुटले. त्यातून शहाणपण आलं आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विम्याचं छत्र मिळालं. तेव्हा दीड हजारांपर्यंत होतं. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाखांचं झालं. मी आपला निर्धास्त. माझ्या खात्याला दीड हजारांचं छत्रही पुरलं असतं.

आता गंमत पाहा. इंग्रजीत जे जे धावतं, ते ते मराठीत चालतं. साहेबाचं दुकान धावतं, आपलं चालतं. त्याचं घर, कारखाना, सरकार सगळं धावतं, आपलं चालतं. चालत नसलं तरी आपल्याला चालतं! मुलगी पाहून आलेले लोकही 'चालेल' म्हणतात. माणूस 'चालू' निघाला तर सांभाळून राहावं, आणि काम 'चालू आहे' असं ऐकलं तर घरी जाऊन जेवून घ्यावं.

हे धावणं आणि चालणं एकाच जागी पाहायचं तर आमच्या गोंदियाजवळच्या बिरसीला या. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, इंग्रजांनी इथे धावपट्टी बांधली. युद्ध संपलं, इंग्रज गेले, पट्टी राहिली. ती बांधकाम खात्याकडून १९९८ साली औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि २००५च्या अखेरीस विमानतळ प्राधिकरणाकडे गेली. मग पट्टी वाढली, वैमानिक घडवणारी संस्था आली आणि मार्च २०२२ मध्ये नेमाने प्रवासी नेणारं विमान उडालं. म्हणजे धावपट्टी झाल्यावर तिकीट काढून धावायला ब्याऐंशी वर्षं लागली!

पट्टी वाढली म्हणजे कुणाची तरी जमीन घटली, एवढा हिशेब कॉमर्सवाल्यालाही कळतो. बिरसीच्या काही घरांच्या पुनर्वसनाचा प्रश्न तेव्हाही लोंबकळत होता. त्याच वर्षी तिकडचे एक म्हातारे शेतकरी काउंटरवर पासबुक भरायला आले. वरून विमान गेलं. त्यांनी मान वर केली.

"रनवे म्हंजे का जी, बाबूजी?"

"धावपट्टी, काका. उडायच्या आधी विमान धावतं ना, ती वाट."

"अस्सं. ते आमच्या वावरातून धावते."

काय बोलावं कळेना. म्हणून मी आपला कारकुनी धीर दिला. "होईल काका. तुमच्या पुनर्वसनाचं काम चालू आहे म्हणतात."

"तेच त सांगतो," म्हातारबुवा शांतपणे म्हणाले. "विमान धावते, अन् आमची फाईल चालते."

मी पासबुक भरून दिलं. सवयीने "बसा ना, काका" म्हणून गेलो.

"बसूनच त हावो," असं म्हणत ते काठी टेकत निघाले.

ऑक्सफर्डवाल्यांनी ६४५ अर्थ गोळा केले खरे. पण नऊ महिन्यांत एकदा त्यांनी आमच्या काउंटरवर यायला हवं होतं.