नहलाल : दलदल उपसून वसवलेलं सहकारी गाव

इस्रायलच्या उत्तरेला जेझरील खोऱ्यात नहलाल हे छोटं गाव आहे. 11 सप्टेंबर 1921 रोजी वसलेलं हे गाव पहिलं 'मोशाव' म्हणून ओळखलं जातं. मोशाव म्हणजे घर-शेती ज्याची त्याची, पण खरेदी, विक्री आणि कर्ज सगळ्यांचं मिळून. सगळंच सामाईक असतं ते किबुत्झ, मोशाव वेगळं.

गाव कसं उभं राहिलं
पूर्व युरोपातून आलेली सुमारे 80 ज्यू कुटुंबं इथे राहायला आली. जमीन ज्यू राष्ट्रीय निधीने विकत घेतली होती. खोऱ्यातली बरीच जमीन बैरूतच्या सुरसॉक घराण्याची होती. ती विकली गेल्यावर ती कसणाऱ्या अनेक अरब कुळांना मात्र उठावं लागलं.

जागा दलदलीची, मलेरिया पाचवीला पुजलेला. आधी चर खणून पाणी काढलं, मगच पेरणी झाली. वास्तुविशारद रिचर्ड कौफमान यांनी गाव गाडीच्या चाकासारखं आखलं. मधोमध सार्वजनिक इमारती, भोवती घरं, घरांमागे गोठे आणि बाहेर पसरत जाणारी शेतं. मोबाईलवर उपग्रह नकाशा उघडला तर हे चाक आजही दिसतं.

नियम काय होते?
- जमीन निधीची, शेतकऱ्याकडे भाडेपट्ट्याने. विकता येत नाही.
- प्रत्येक घराला साधारण 25 एकर. वारस एकच, तुकडे पाडायचे नाहीत.
- मजूर लावायचे नाहीत, घरच्यांनीच राबायचं.
- अडल्या-नडल्याला गावाने मदत करायची.

दुधासाठी 1926 मध्ये 'तनुवा' ही सहकारी संस्था निघाली, आपल्याकडच्या दूध संघासारखीच. पुढे भारतातून गेलेल्या कोचीनच्या ज्यूंनीही नेवातिमसारख्या मोशावांत शेती केली.

जामीनच अंगाशी आला
मोशावातले सभासद कर्जासाठी एकमेकांना जामीन असत. गरिबीत हीच त्यांची पत होती. पण 1984 मध्ये इस्रायलमध्ये महागाई वर्षाला 400 टक्क्यांवर गेली. 1985 मध्ये सरकारने ती आवरली, तरी व्याज भडकलेलंच राहिलं. एकाचं थकलं की बोजा शेजाऱ्यावर. देशभरातल्या अनेक मोशाव सोसायट्या यात बुडाल्या. अखेर 1992 च्या कायद्याने काही कर्ज माफ झालं, उरलेल्याचे हप्ते पाडले.

आज इस्रायलमध्ये 400 हून जास्त मोशाव आहेत. पण बरेच सभासद बाहेर नोकरी करतात आणि पुष्कळ शेतांत थायलंडहून आलेले मजूर राबतात. खरेदी-विक्रीही अनेक ठिकाणी ज्याची त्याची झाली आहे.