सर्व्हो की स्टेपर? हा प्रश्न १९७४ मध्येही पडला होता



घरी छोटं सीएनसी राउटर बनवायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न छळायला लागतो. मोटर कुठली घ्यायची? एक मित्र म्हणतो, "स्टेपर घे, स्वस्तात काम होतं." दुसरा म्हणतो, "थोडं थांब, पैसे साठव, सर्व्होच घे." आज या वादाचा इतिहास ऐकूया, कारण त्यातूनच उत्तर सापडतं.

आधी फरक समजून घेऊ. स्टेपरला एक पल्स मिळाली की ती ठरलेला एक कोन फिरते. नेहमीच्या स्टेपरला एका फेऱ्यात २०० पावलं, म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचं. एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा बॉलस्क्रू लावला, तर एका पावलाला ०.०२५ मिमी. हिशोब एकदम सोपा! पण पाऊल खरंच पडलं का, हे कुणी विचारत नाही. सर्व्होच्या मागे एन्कोडर असतो. ड्राइव्ह त्याला सतत विचारतो, "कुठे पोचलीस?" आणि फरक दिसला की लगेच दुरुस्त करतो.

आता चला अमेरिकेत. मिशिगनमध्ये जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवायचे. पात्याचा वक्र आकार अचूक यायला हवा, म्हणून त्यावरचे बिंदू आकडेमोड करून काढायचे आणि त्या आकड्यांवरच मशीन चालवायचं, ही त्यांची कल्पना. १९४९ मध्ये हवाई दलाच्या पैशावर काम सुरू झालं आणि ते एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स लॅबकडे गेलं. नावातच सर्व्हो! दुसऱ्या महायुद्धात याच लॅबने तोफा नेमक्या दिशेला वळवणाऱ्या यंत्रणांवर काम केलं होतं. त्यामुळे फीडबॅक त्यांच्या हाडीमाशी भिनलेला.

१९५२ मध्ये त्यांनी सिनसिनाटी हायड्रोटेल मिलिंग मशीन कागदी टेपवरच्या छिद्रांनी चालवून दाखवलं, तेही तीन अक्षांवर एकाच वेळी. काम झकास, पण कंट्रोलरमध्ये शेकडो व्हॅक्यूम ट्यूब. म्हणजे एका मशीनसाठी कपाटंच्या कपाटं इलेक्ट्रॉनिक्स. विमानांच्या कारखान्यांना सरकारी पैशात हे जमलं. छोट्या वर्कशॉपने काय करायचं?

इथे गोष्ट जपानला जाते. फुजित्सु कंपनीत सेइउएमोन इनाबा नावाचे इंजिनिअर होते. त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रो-हायड्रॉलिक पल्स मोटर आणली. आत एक छोटी स्टेपर. ती व्हॉल्व्ह फिरवणार, व्हॉल्व्ह दाबाखालचं तेल सोडणार आणि तेलाच्या जोरावर हायड्रॉलिक मोटर मशीनचा टेबल ढकलणार. पल्स पाठवा, टेबल सरकेल. उलट विचारणा नको. कंट्रोलर एकदम सुटसुटीत झाला. याच कामातून फॅनुक उभी राहिली आणि १९७२ मध्ये फुजित्सुमधून वेगळी झाली.

आणि पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, तेलसंकट आलं. हायड्रॉलिक यंत्रणेला पंप सतत चालू लागतो. वीज खाणार, तापणार, आवाज करणार. ऊर्जा महाग झाल्यावर ही चैन कुणाला परवडणार? आता विचार करा. ज्या मोटरवर कंपनी उभी राहिली, तीच सोडायची का? फॅनुकने १९७४ मध्ये अमेरिकेतल्या गेटिस कंपनीकडून डीसी सर्व्हो मोटरचं तंत्र घेतलं आणि आपलीच मोटर बाजूला ठेवली. आज भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमधल्या व्हीएमसीवर फॅनुकचा कंट्रोलर दिसला, तर त्यामागे हा निर्णय आहे.

मग स्टेपर संपली का? अजिबात नाही. २००९ मध्ये जीआरबीएल आलं. अर्डुइनोसारख्या छोट्या बोर्डावरून ते पल्स आणि दिशा पाठवतं, बस्स. ज्या सोपेपणामुळे जपानमध्ये सीएनसी स्वस्त झालं, त्याच सोपेपणामुळे ते आपल्या टेबलावर आलं.

पण सोपेपणाची किंमत असते. स्टेपरचा जोर कमी वेगात भरपूर, वेग वाढला की तो घसरतो. समजा तुम्ही ॲल्युमिनियम कापताय, फीड जास्त ठेवलाय आणि कटर अडकला. ४० पावलं हुकली, म्हणजे सरळ १ मिमी गेला! मशीनला पत्ताच नाही. ते मुकाट्याने पुढचं सगळं चुकीच्या जागी कापत राहतं. सर्व्हो अशा वेळी ओढून धरते, नाहीच जमलं तर अलार्म देऊन थांबते.

म्हणून मोटर निवडताना आधी स्वतःला विचारा: चूक झाली तर माझं काय जाईल? लाकूड, एमडीएफ, ॲक्रिलिक, छोटं मशीन, हलके कट असतील तर स्टेपर घ्या. वेग आणि ॲक्सिलरेशन बेताचं ठेवा, म्हणजे ती वर्षानुवर्षं साथ देईल. जॉब महागाचा, तासन्‌तास चालणारा, मशीन जड, वेग जास्त, तर सर्व्हो. मधला रस्ता म्हणजे एन्कोडर लावलेली क्लोज्ड-लूप स्टेपर.

एक गोष्ट मात्र विसरू नका. एन्कोडरवाली मोटर घेतली तर ड्राइव्हची अलार्मची वायर कंट्रोलरला जोडा. नाहीतर एक अक्ष थांबेल, बाकीचे कापत राहतील, आणि फीडबॅकसाठी मोजलेले पैसे पाण्यात!

इनाबांनी स्वतःची मोटर सोडली, कारण परिस्थिती बदलली होती. आपणही आज स्टेपरने सुरुवात करून उद्या सर्व्होकडे गेलो, तर त्यात कमीपणा नाही.

तुमच्या मशीनवर कुठली मोटर आहे, नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!