टिग वितळजोडकाम यंत्रे व त्यांची समायोजने

टंगस्टनाचे विद्युत् अग्र व जोडावयाची धातू यांच्यामध्ये विद्युत् प्रज्योत निर्माण करून तिच्या उष्णतेने धातू वितळवून जोड करण्याच्या आणि त्या वेळी अग्र, प्रज्योत व वितळलेली धातू यांना अक्रिय वायूचे आवरण देण्याच्या पद्धतीस टंगस्टन अक्रिय वायू वितळजोडकाम म्हणतात. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘टिग’ या नावाने ओळखली जाते. कारखान्यांत मात्र ‘आर्गन वेल्डिंग’ हे नाव अधिक रूढ आहे. या पद्धतीत अग्र वितळून जोडात मिसळत नाही. जोडात अधिक धातू लागल्यास ती वेगळ्या सळईने दुसऱ्या हाताने पुरविली जाते. त्यामुळे उष्णता आणि धातूचा पुरवठा यांवर स्वतंत्रपणे नियंत्रण ठेवता येते व हेच या पद्धतीचे मुख्य वैशिष्ट्य होय.

आधुनिक यंत्राच्या दर्शनी फलकावर प्रवाह, ध्रुवता, तरंगाचा समतोल, कंप्रता, प्रारंभाची रीत, वायूचा उत्तरप्रवाह इ. अनेक समायोजने असतात. ही सर्व एकाच वेळी योजलेली नाहीत. त्यांपैकी प्रत्येक समायोजन एखाद्या विशिष्ट अडचणीवरील उपाय म्हणून यंत्रात आले. ती अडचण कोणती होती हे माहीत नसल्यास समायोजनांचे आकडे केवळ पाठ करावे लागतात आणि धातू किंवा तिची जाडी बदलताच पाठ केलेले आकडे निरुपयोगी ठरतात. म्हणून या यंत्राचा विकासक्रम पाहणे हा त्याची समायोजने समजून घेण्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे.

पूर्वपीठिका : विद्युत् प्रज्योतीचा उपयोग धातू जोडण्यासाठी करण्याची पद्धत न्यिकली बिनार्डस व स्टानिस्लाव्ह ऑल्शेव्हस्की यांनी विकसित केली व तिचे ब्रिटिश एकस्व त्यांना १८८५ मध्ये मिळाले. त्यांचे अग्र कार्बनाचे होते. प्रज्योतीभोवती ऑक्सिडीकारक नसलेला वायू ठेवण्याची कल्पना अमेरिकेत सी. एल्. कॉफिन यांनी १८९० मध्ये मांडली. आर्गॉनाचा शोध १८९४ मध्ये लागला आणि पृथ्वीवरील हीलियम १८९५ मध्ये वेगळा करण्यात आला. त्यामुळे कॉफिन यांच्या काळी या कल्पनेस योग्य असा वायू उपलब्धच नव्हता. पुढे जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील एच्. एम्. होबर्ट व पी. के. डेव्हर्स यांनी अनुक्रमे हीलियम व आर्गॉन यांच्या आवरणात प्रज्योत वापरण्याचे प्रयोग केले. त्यांनी १९२६ मध्ये केलेल्या अर्जांवर १९३० मध्ये एकस्वे देण्यात आली. परंतु हे वायू महाग असल्यामुळे व पोलादाच्या कामास आवेष्टित अग्रे पुरेशी असल्यामुळे या पद्धतीचा प्रसार झाला नाही.

हेलिआर्क : या पद्धतीची खरी निकड विमान उद्योगात निर्माण झाली. ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम या हलक्या धातूंचा हवेशी तत्काळ संयोग होऊन जोड सच्छिद्र व मळीयुक्त होत असे. वायुज्योतीने जोडताना क्लोराइडे व फ्ल्युओराइडे असलेला अभिवाह वापरावा लागे आणि त्याचा अंश जोडात राहिल्यास धातू पुढे गंजत असे. कॅलिफोर्नियातील नॉर्थ्रॉप विमान कंपनीस मॅग्नेशियमाचे विमान जोडकामाने तयार करावयाचे होते. तेथील रसेल मेरेडिथ यांनी टंगस्टनाचे अग्र व हीलियमाचा झोत यांचा एकत्र उपयोग करणारी हातबत्ती तयार केली. तिचे अमेरिकी एकस्व त्यांना फेब्रुवारी १९४२ मध्ये मिळाले. हीलियमावरून या पद्धतीस ‘हेलिआर्क’ असे नाव देण्यात आले. मॅग्नेशियमाच्या जोडकामाचा उपयोग केलेल्या एक्सपी-५६ या विमानाचे पहिले उड्डाण १९४३ मध्ये झाले. हे विमान पुढे उत्पादनात आले नाही. जोडण्याची पद्धत मात्र टिकली. तिचे हक्क लिंडे एअर प्रॉडक्ट्स कंपनीकडे गेले व तेथे हातबत्तीत अनेक सुधारणा झाल्या.

हीलियमाच्या प्रज्योतीचा विद्युत् दाब अधिक असल्याने उष्णता अधिक मिळते. परंतु तो फार हलका असल्यामुळे आवरणासाठी तो दोन ते तीन पट लागतो. आर्गॉन हवेपेक्षा सु. १·४ पट जड असून त्यात प्रज्योत सहज पेटते व स्थिर राहते. द्रवरूप हवेपासून तो मोठ्या प्रमाणावर मिळू लागल्यावर त्याने बहुतेक कामांत हीलियमाची जागा घेतली. सामान्यतः मिनिटास ७ ते १२ लिटर आर्गॉन पुरतो. प्रवाह याहून फार वाढविल्यास झोत खळबळतो व उलट हवाच आत ओढली जाते.

ध्रुवता : पहिली मोठी अडचण अग्राविषयी होती. एकदिश प्रवाहात सु. ७० टक्के उष्णता धन बाजूस व सु. ३० टक्के ऋण बाजूस निर्माण होते. अग्र धन ठेवले असता टंगस्टनाचा वितळबिंदू सु. ३,४००° से. असूनही ते अतितप्त होई व त्याचे कण जोडात पडत. अग्र ऋण केल्यावर हा दोष गेला व पोलाद, अगंज पोलाद, तांबे इत्यादींसाठी हीच ध्रुवता कायम झाली. ॲल्युमिनियमाच्या बाबतीत मात्र नवीनच अडचण उभी राहिली. ॲल्युमिनियम ६६०° से. ला वितळते, तर त्याच्या पृष्ठावरील ऑक्साइडाचा पातळ थर वितळण्यास २,०००° से. हून अधिक तापमान लागते. परिणामी आतील धातू द्रवरूप झाली, तरी वरचा थर अभंग राहून दोन्ही कडा एकजीव होत नाहीत. अग्र धन असताना या थरावर धन आयनांचा मारा होऊन तो फुटत असे व पृष्ठ स्वच्छ होत असे. अग्र ऋण करताच ही शुद्धी नाहीशी झाली.

यावर प्रत्यावर्ती प्रवाहाचा उपाय करण्यात आला. त्याच्या एका अर्धचक्रात अग्र धन असून पृष्ठाची शुद्धी होते, तर दुसऱ्यात अग्र ऋण असून धातू खोलवर वितळते व अग्रास थोडा विसावा मिळतो. ॲल्युमिनियमासाठी प्रत्यावर्ती व पोलादासाठी एकदिश प्रवाह हा आजही पाळला जाणारा नियम या तडजोडीतून आला आहे.

उच्च कंप्रता व समतोल : दर सेकंदास ५० चक्रांच्या प्रवाहाचे मूल्य सेकंदात १०० वेळा शून्य होते व प्रत्येक वेळी प्रज्योत विझण्याचा संभव असतो. शिवाय तप्त टंगस्टनातून इलेक्ट्रॉन जितक्या सहज बाहेर पडतात तितके ॲल्युमिनियमातून पडत नाहीत. त्यामुळे अग्र धन असतानाचे अर्धचक्र दुबळे होते; म्हणजेच शुद्धीसाठी ज्याची गरज असते तोच भाग कमी पडतो. प्रज्योत टिकविण्यासाठी अल्प शक्तीचा, परंतु काही हजार व्होल्ट दाबाचा उच्च कंप्रता प्रवाह मूळ प्रवाहावर अध्यारोपित करण्यात आला आणि अर्धचक्रांतील असमतोल घालविण्यासाठी मंडलात धारित्रे बसविण्यात आली. उच्च कंप्रतेमुळे अग्र धातूस न टेकविता प्रज्योत पेटविता येऊ लागली. मात्र जवळच्या रेडिओग्रहणात व इलेक्ट्रॉनीय उपकरणांत तिचा व्यत्यय येतो. म्हणून अग्र टेकवून अत्यल्प प्रवाह सुरू करणे व ते उचलताच प्रवाह वाढविणे ही पर्यायी रीतही यंत्रांत देतात.

सुमारे १९७० नंतरच्या दशकात थायरिस्टराच्या साहाय्याने चौरस तरंगाची यंत्रे तयार झाली. या तरंगात प्रवाह शून्यातून फार जलद जातो. तसेच धन व ऋण भागांचा काल कमीजास्त करता येतो आणि पूर्वी दोष असलेला असमतोल आता हेतुपूर्वक योजता येतो. साधारणतः अग्र ऋण असण्याचा काल ६५ ते ७५ टक्के ठेवतात. पृष्ठ मळकट दिसल्यास हे प्रमाण कमी करावे लागते व अग्राचे टोक वितळून गोळा होऊ लागल्यास ते वाढवावे लागते.

इन्व्हर्टर यंत्रे : जुन्या यंत्रांतील रोहित्र पुरवठ्याच्याच कंप्रतेवर चालत असल्याने ते अवजड असे. इन्व्हर्टर यंत्रात पुरवठ्याचा प्रवाह प्रथम एकदिश करून अर्धसंवाहक स्विचांनी सेकंदास हजारो वेळा खंडित करतात. त्यामुळे लहान रोहित्र पुरते व यंत्र हाताने उचलण्याजोगे होते. यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आयजीबीटी’ या प्रयुक्तीच्या विकासात भारतीय वंशाचे अभियंते बी. जयंत बालिगा यांचा १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत मोठा वाटा होता आणि ते काम, होबर्ट व डेव्हर्स यांच्याप्रमाणेच, जनरल इलेक्ट्रिक कंपनीत झाले. इन्व्हर्टरामुळे प्रत्यावर्ती प्रवाहाची कंप्रताही पुरवठ्यापासून स्वतंत्र झाली. ती १०० हर्ट्‌झच्या वर नेल्यास प्रज्योत अरुंद व एकाग्र होते आणि कोपऱ्यातील जोडास ती सोयीची ठरते.

अग्रे : शुद्ध टंगस्टनात सु. २ टक्के थोरियम ऑक्साइड मिसळल्यास इलेक्ट्रॉन सहज बाहेर पडतात व टोक टिकते. म्हणून लाल खुणेची ही अग्रे दीर्घकाळ सर्वत्र वापरली गेली. थोरियम किरणोत्सर्गी आहे. अखंड अग्रापासून फारसा धोका नसला, तरी टोक घासताना उडणारी धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाणे घातक असते. या कारणाने लँथॅनमाची सोनेरी वा निळ्या आणि सिरियमाची करड्या खुणेची अग्रे प्रचारात आली. हिरवी खूण शुद्ध टंगस्टनाची असते. आकडे पाठ करणाऱ्या कामगारास अग्राचा रंग ही केवळ दुकानातील खूण वाटते. ज्यास तिचे कारण ठाऊक असते तो घासताना धूळ ओढून घेण्याची व्यवस्था मागतो.

समायोजनांची निवड : प्रवाह हे मूळ समायोजन होय. यंत्राचा गुणधर्म असा ठेवलेला असतो की, हात हलून प्रज्योतीची लांबी थोडी बदलली, तरी प्रवाह जवळजवळ स्थिर राहतो. जाडीच्या प्रत्येक मिमी.स सु. ३० ते ४० अँपि. हा स्थूल हिशेब आहे. अगंज पोलाद उष्णता धरून ठेवते म्हणून त्यास कमी प्रवाह पुरतो. उदा., ३ मिमी. जाडीच्या ॲल्युमिनियम पत्र्यास सु. १२० अँपि. प्रत्यावर्ती प्रवाह, २·४ मिमी. व्यासाचे अग्र, ७० टक्के ऋण काल व मिनिटास ८ ते १० लिटर आर्गॉन येथून आरंभ करता येतो. ॲल्युमिनियम काम चालू असता तापत जाते व त्यास पुढे कमी उष्णता लागते; म्हणून पायाने वा बोटाने प्रवाह बदलण्याची सोय असते. अखेरीस प्रवाह एकदम तोडल्यास जोडाच्या टोकास खळगा पडून तेथे तडा जातो. म्हणून प्रवाह उतरता ठेवतात. त्यानंतर दर १० अँपि.स सु. १ सेकंद याप्रमाणे वायू चालू राहू देतात, कारण तप्त टंगस्टन व नुकताच गोठलेला जोड हवेत लगेच खराब होतात.

प्रज्योतीतील जंबुपार किरणांपासून डोळे व त्वचा यांचे रक्षण करणे आवश्यक असते. आर्गॉन विषारी नाही. परंतु तो जड असल्यामुळे टाकी, खड्डा अशा बंदिस्त जागी साचून तेथील ऑक्सिजन हटवितो. त्याला रंग वा वास नसल्याने गुदमरण्याची पूर्वसूचना मिळत नाही. ज्या गुणामुळे तो जोडाचे हवेपासून रक्षण करतो, त्याच गुणामुळे तो माणसास हवेपासून तोडतो. अशा ठिकाणी वायुवीजनाची व्यवस्था व बाहेर दुसरा मनुष्य असल्याशिवाय काम सुरू करू नये.