महाडची होळी आणि पडद्यावरची स्लाइड

१९२७ च्या नाताळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तेथून महाडला गेले. परिषदेच्या मंडपाला कोणी जागा देईना. ती अखेर फत्तेखान ह्या मुसलमान गृहस्थाने दिली. चवदार तळ्याच्या पाण्यावर न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम काढलेला होता. २५ डिसेंबरच्या रात्री तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यातील ह्या गावी मनुस्मृतीचे दहन झाले.

वर्गात हा प्रसंग आता बहुधा एका स्लाइडमध्ये मावतो: वर तारीख, मध्ये ज्वाळांचे चित्र, खाली तीन तुटक मुद्दे. एडवर्ड टफ्टी ह्यांनी २००३ साली पॉवरपॉइंटवर टीका करताना नेमके हेच म्हटले होते, की मुद्द्यांच्या यादीत विधाने उरतात, पण त्यांना जोडणारा विचार गळून पडतो. (मीही स्लाइड वापरतो, तक्रार साधनाविषयी नाही, सवयीविषयी आहे.)

महाडच्या बाबतीत काय गळून पडते ते पाहावे. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी ह्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रीय सभेशी केली होती. न्यायालयाच्या हुकुमाचा मान राखून तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब झाला. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला १९३७ साल उजाडले. दहनावर टीका झाली तेव्हा ‘बहिष्कृत भारता’तून तिला सविस्तर उत्तर दिले गेले, आणि विदेशी कापडाच्या होळीचा दाखलाही त्यात आला. मनुस्मृतीवर बंदी घाला असे सरकारला कोणी सांगितले नाही. ग्रंथ वाचनालयांतून काढला गेला नाही. बाबासाहेब स्वतः १९४६ च्या ‘हू वेअर द शूद्राज?’ मध्ये त्याचे उतारे देत राहिले. ग्रंथ जाळला गेला, पण त्याच्याशी वाद थांबला नाही.

आता दुसरी होळी. रायगडमधील अनेक कला महाविद्यालये ज्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याच्या दाराशी २०१० साली रोहिंटन मिस्त्री ह्यांच्या ‘सच अ लाँग जर्नी’ (१९९१) ह्या कादंबरीच्या प्रती जाळण्यात आल्या. शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेची हरकत काही वेचक मजकुरावर होती. कुलगुरू राजन वेळूकर ह्यांनी तातडीचे अधिकार वापरून कादंबरी अभ्यासक्रमातून वगळली. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण ह्यांनीही तिला आक्षेपार्ह ठरवले. म्हणजे गुन्हा एकाच पक्षाचा नव्हता. कादंबरीतील ते शब्द कोण उच्चारतो, कोणत्या काळात, कोणत्या मनःस्थितीत, हा कोणत्याही वाङ्मयाच्या तासाचा पहिला प्रश्न. तो विचारण्यास वेळच मिळाला नाही. महाडच्या अग्नीला आणि ह्या अग्नीला एकच शब्द लावणे मला पटत नाही: एकीकडे ज्यांच्यावर ग्रंथाची सत्ता होती त्यांनी तो जाळला, दुसरीकडे सत्तेने होळीवर शिक्का मारला.

हे वेचून काढणे पुढे फार सोपे झाले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यातील एका महाविद्यालयात वर्गातल्या बोलण्याची चित्रफीत पसरली आणि अध्यापकाला अटक झाली. त्यांचे म्हणणे योग्य होते की नव्हते, हा निराळा प्रश्न. त्यावर वाद घालायला संपूर्ण तास ऐकावा लागतो, आणि पसरला तो एक तुकडा. ज्याने तो चित्रित केला त्याच्या हातात भ्रमणध्वनी होता. ज्याने शिकवले त्याच्या हातात आपला पुढचा-मागचा संदर्भ राहिला नाही.

गंमत अशी, की त्याच भ्रमणध्वनीवर बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड विनामूल्य उघडता येतात. महाडवर शिकवताना मी आता आधी परिषदेच्या भाषणाचा उतारा वाचायला देतो आणि ज्वाळांचे चित्र तासाच्या शेवटी दाखवतो. मधल्या वेळेत विद्यार्थी जे विचारतात त्याची उत्तरे माझ्या स्लाइडमध्ये नसतात; परवा एकीने विचारले, फत्तेखानांना गावाने पुढे कसे वागवले असेल?